वीरगळ खालून वर वाचायचा

वाचक विचारतात

दिवाळीची सुटी तोंडावर आली की या सदराच्या टपालात एकच विषय दाटीवाटीने येतो: सहल कुठे न्यायची, आणि नेलीच तर मुलांना दाखवायचं काय. यंदा साताऱ्याच्या आसपासच्या वीरांच्या खुणांबद्दल बरीच पत्रं आहेत. गावच्या देवळापुढचा वीरगळ (म्हणजे पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड), नदीकाठची समाधी, किल्ला, चौकातला पुतळा असं सगळंच त्यात आलं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आठवीच्या चाळीस मुलांची एक दिवसाची सहल काढायची आहे. अजिंक्यतारा, संगम माहुली आणि किकलीचे वीरगळ एका दिवसात बसतील का? (एक शिक्षिका, सातारा)

बसतील, पण क्रम चुकला तर तिन्ही अर्धवट राहतील. क्रम अंतरावरून लावू नका, उन्हावरून लावा. सकाळी किल्ला, दुपारी माहुली आणि चारच्या सुमारास किकली.

किल्ल्याला अदालत वाड्याच्या बाजूने पावणेसातला निघा. एकट्यादुकट्याला वर जायला तासभर पुरतो, चाळीस मुलांच्या रांगेला सव्वा ते दीड तास धरा. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, तरी चालतच न्या. गाडीतून उतरून थेट दरवाजात शिरलेल्या मुलाला किल्ला का अवघड होता ते कळत नाही. पहिल्या दरवाजाचे दोन्ही बुरुज अजून शाबूत आहेत. मुलांना आधी बुरुजाच्या तळाशी उभं करून मान वर करायला लावा, मग आत न्या. आत मारुतीचं आणि महादेवाचं देऊळ, प्रसारणाचे मनोरे, ताराराणींचा म्हणून ओळखला जाणारा पडका वाडा आणि पूर्वेच्या टोकाकडे मंगळाईचं देऊळ. हवा स्वच्छ असेल तर वरूनच चंदन-वंदन किल्ल्यांची जोडी दाखवून ठेवा. संध्याकाळी तुम्ही त्यांच्याच पायथ्याच्या बाजूला असणार आहात. टाक्यांचं पाणी पिण्याजोगं नाही, माणशी एक लिटर खालूनच न्यायचं. सव्वाअकरापर्यंत खाली या.

माहुली शहराच्या पूर्वेला पाचेक किलोमीटरवर, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. थोरल्या शाहू महाराजांची आणि ताराराणींची समाधी इथे आहे. डबे तिथेच खा, पण समाधीच्या चौथऱ्यावर पंगत मांडू नका. हे सांगावं लागतं.

किकली वाई तालुक्यात. पुण्याच्या दिशेने महामार्गाने जाऊन भुईंज परिसरात पूर्वेकडे वळायचं. साताऱ्याहून बसला पाऊण ते एक तास. अडीचला माहुली सोडली की साडेतीनला तुम्ही भैरवनाथाच्या देवळात असता, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात पावणेचार ते साडेपाच हाच वीरगळ बघायचा उत्तम वेळ. बहुतेक शाळा उलट करतात: किकली बारा वाजता. डोक्यावरच्या उन्हात कोरीव कामाची सावलीच पडत नाही, दगड कोऱ्या पाटीसारखा दिसतो आणि मुलं दहा मिनिटांत कंटाळतात. दोष मुलांचा नसतो.

एक सांगणं. चाळीस मुलं एका दगडाभोवती उभी केली तर पुढची सहाच बघतात. सहा-सहाचे गट करा, प्रत्येक गटाला एक वीरगळ, एक कागद आणि पंधरा मिनिटं द्या. ‘खालच्या चौकटीपासून सुरू करा, काय दिसतं ते लिहा, कोण असेल ते लिहू नका’ एवढीच सूचना. गुरवांना आदल्या दिवशी फोन करून कल्पना द्यावी. देवळात त्या दिवशी कार्य असेल तर दोघांचीही पंचाईत होते.

प्रश्न : वीरगळावर नेमकं काय कोरलेलं असतं? आमच्या गावात त्यांना ‘पांडव’ म्हणतात. (वाचक, कोरेगाव तालुका)

पाच दगड ओळीने दिसले की ‘पांडव’ हे नाव बऱ्याच गावांत पडतं, काही ठिकाणी त्याचा म्हसोबा नाहीतर वेताळही होतो. त्या नावांशी भांडायचं कारण नाही, त्या नावांमुळेच दगड जागेवर राहिले आहेत. मूळ शब्द कन्नडातून आलेला: वीर आणि कल्लु, म्हणजे दगड. हा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या आणि शिलाहारांच्या अंमलाखाली होता, तेव्हा शब्द इथे कसा आला याचं नवल नको.

आपल्याकडचे वीरगळ बहुतेक काळ्या बेसाल्टचे, दोन ते पाच फूट उंच, आणि आडव्या पट्ट्यांनी तीन किंवा चार चौकटींत विभागलेले. ते खालून वर वाचायचे. सवयीने आपण वरून खाली वाचतो आणि गोष्ट उलटी होते.

तळाची चौकट मरणाची. वीर आडवा पडलेला असतो, कधी घोड्याच्या पायाशी, कधी एकटाच. याच चौकटीत किंवा हिच्या कडेला गाई कोरलेल्या असतील तर तो गोधन वाचवताना पडला. शत्रू गावावर चालून यायचा तो पुष्कळदा जनावरं हाकून न्यायला. गावची गुरं म्हणजे गावची सगळी दौलत. त्यामुळे गाई नीट शोधा. झिजलेल्या दगडावर अंग जातं, पण शिंगांची अर्धचंद्राकार रेघ राहते. एकामागे एक तीन-चार चंद्रकोरी दिसल्या तर त्या गाई समजायला हरकत नाही.

दुसरी चौकट लढाईची. ढाल-तलवार, भाला, धनुष्यबाण, क्वचित घोडा किंवा हत्ती. इथे शस्त्रं मोजा. वीराच्या हातात काय आहे आणि समोरच्यांच्या हातात काय, यावरून तो पायदळी होता की स्वार, एकाशी लढला की अनेकांशी, एवढं कळतं.

तिसरीत दोन्ही बाजूंना अप्सरा आणि मधे वीर. त्या त्याला स्वर्गाला नेताहेत. काही दगडांवर तो पालखीत किंवा विमानात बसलेला दिसतो. चौथीत शिवलिंग, हात जोडून बसलेला वीर आणि बहुधा पूजा सांगणारा पुजारी. नंदीही असू शकतो. म्हणजे कैलास गाठला. सगळ्यात वर कलश, आणि त्याच्या दोन बाजूंना सूर्य-चंद्र. ते दोघे आहेत तोवर याची कीर्ती राहील असा अर्थ.

चौकटी तीनच असल्या तर मरण आणि लढाई एकाच पट्ट्यात घेतलेली असते. काही दगड चारी बाजूंनी कोरलेले असतात, तेव्हा मागे जाऊन बघायला विसरू नका. भिंतीला टेकवून ठेवलेल्या दगडाची मागची बाजू कुणीच पाहिलेली नसते.

आता निराशेची गोष्ट. वीराचं नाव बहुधा नसतं. कर्नाटकात अक्षरं कोरलेले वीरगळ भरपूर मिळतात, आपल्याकडे फार थोडे. त्यामुळे ‘हा अमुक सरदाराचा वीरगळ’ असं कुणी ठामपणे सांगितलं तर अक्षर कुठे आहे ते विचारा. आपल्याकडचे बरेचसे अकराव्या ते चौदाव्या शतकातले, शिलाहार-यादवांच्या काळातले मानले जातात, म्हणजे शिवकालाच्या कितीतरी आधीचे. ‘मावळ्याची समाधी’ अशी पाटी लावण्याची घाई करू नये.

प्रश्न : देवळामागे एक दगड आहे, त्यावर नुसताच कोपरात वाकलेला हात आणि बांगड्या. हा वीरगळच का?

नाही, ती सतीशिळा. हात कोपरात काटकोनात, तळवा उघडा, मनगटात चुडा: सौभाग्य अखंड राहिल्याची खूण. सूर्य-चंद्र इथेही असतात, म्हणून गोंधळ होतो. काही वेळा एकाच दगडावर वीर आणि कडेला हा हात असतो. नवरा पडला आणि मागे बायको सती गेली. वासराला पाजणारी गाय असेल तर ती धेनुगळ, दानाची खूण. गाढव आणि स्त्री कोरलेली असेल तर गद्धेगाळ. ते दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी आहे, अगदी सरकारी शिक्क्याची. सहलीत त्याचा अर्थ मुलांना कसा सांगायचा ते शिक्षकांनी आधी ठरवून ठेवावं.

प्रश्न : अजिंक्यताऱ्याच्या वेढ्यात लढलेले प्रयागजी प्रभू यांचं स्मारक म्हणून गडावर नेमकं काय बघायचं? (वाचक, करंजे)

जागा बघायची. आणि तुम्ही करंज्याचे आहात, तर अर्धी गोष्ट तुमच्या दारातच आहे. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्यावर आला तेव्हा त्याची छावणी किल्ल्याच्या उत्तरेला, करंज्याच्या जागेवर पडली. पश्चिमेला शहजादा आझम; त्या बाजूच्या शहापूर गावाचं नाव त्याच्यावरूनच पडल्याचं सांगतात. पूर्वेला तरबियतखान. किल्ल्यावर किल्लेदार प्रयागजी प्रभू.

मंगळाईच्या देवळापाशी जा आणि तिथून तटाच्या ईशान्य कोपऱ्याकडे बघा. तरबियतखानाने हल्ल्यासाठी हाच कोपरा निवडला. त्या वेळच्या मोजमापात तिथली उंची ६७ फूट येते: ४२ फूट अंगचा कडा आणि त्यावर २५ फूट बांधकाम. तोफेचा गोळा वरच्या पंचवीस फुटांचं काही करील, खालच्या बेचाळिसांचं काय? म्हणून सुरुंग. कड्याच्या पोटात भुयारं खणायलाच काही महिने गेले.

१३ एप्रिल १७०० ला बत्ती दिली. पहिल्या सुरुंगाने तट आत कोसळला, वरची माणसं दगडाखाली गेली आणि प्रयागजीही गाडले गेले. त्यांना ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलं. दुसरा सुरुंग उडाला तो उलट बाहेरच्या बाजूला. हल्ल्यासाठी खाली दाटीने उभ्या असलेल्या मोगली फौजेवरच दरड कोसळली आणि दीड-दोन हजार माणूस जागीच गेलं. तरीही किल्ला फार दिवस टिकणार नव्हता. मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचा मृत्यू झाला होता, रसद संपत आली होती, आणि २१ एप्रिलला किल्ला दिला गेला. औरंगजेबाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. पुढे ताराराणींनी तो परत घेतल्यावर तो अजिंक्यतारा झाला.

मुलांना हे सांगताना तटाच्या कडेवर उभं राहून सांगू नका. त्या बाजूला दगड सुटे आहेत आणि गवताखाली कडा कळत नाही. दहा पावलं आत उभं राहूनही सगळं दिसतं.

प्रश्न : मोबाइलने काढलेल्या फोटोत वीरगळ सपाट दिसतो. खडू फिरवून काढला तर चालेल का?

चालणार नाही. खडूची पूड दगडाच्या बारीक छिद्रांत बसते आणि पुढच्या पावसात तिचा पांढरा लेप होतो. शिवाय खडू फिरवताना रेघ कुठे आहे ते तुम्ही ठरवता, दगड ठरवत नाही. झिजलेल्या भाल्याची अशीच तलवार होते, आणि पुढचे सगळे फोटो बघून तलवारच म्हणत राहतात. पीठ, कुंकू, हळद यांचीही तीच तऱ्हा.

फोटो सपाट येतो कारण उजेड समोरून पडतो. उजेड कडेने, दगडाला जवळजवळ घासून आला पाहिजे. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतर जा, फ्लॅश बंद ठेवा. दगडाचं तोंड उत्तरेला असलं तर थंडीत त्याच्यावर ऊन येतच नाही. अशा वेळी फूटभर आकाराचा साधा आरसा न्या. एकाने उन्हात उभं राहून आरशाने कवडसा दगडाच्या कडेवरून सोडायचा, दुसऱ्याने फोटो घ्यायचा. आरसा जरा हलवला की अप्सरांचे हात अक्षरशः उगवून येतात. बघणाऱ्यांची गर्दी होते, ती धरून चाला.

गाभाऱ्यासारख्या अंधाऱ्या जागी विजेरी चालते. फोन विटेवर किंवा तिकाटण्यावर पक्का ठेवायचा, भिंग दगडाच्या मधोमध उंचीला, फोन दगडाशी समांतर. विजेरी दगडापासून दोन-तीन फूट बाजूला, अगदी तिरकी धरायची. डावीकडून एक, उजवीकडून एक, वरून एक असे तीन फोटो. डावीकडच्या उजेडात जे दिसत नाही ते उजवीकडच्यात दिसतं. भर उन्हात काढायचाच असेल तर दोघांनी चादर धरून दगडावर सावली करा आणि आत विजेरी वापरा.

आधी पूर्ण दगड, मग एकेक चौकट, मग बाजू, मग पाठ. एका फोटोत शाळेतली पंधरा सेंटिमीटरची पट्टी दगडाशेजारी ठेवा, चिकटवू नका. उंची, रुंदी, जाडी, तोंड कुठल्या दिशेला, देवळाच्या दारापासून किती पावलं, हे वहीत. फोटो उरतो आणि जागा विसरते, असा अनुभव अभ्यासकांना नेहमी येतो.

दगडावर धूळ असेल तर मऊ केसांचा कोरडा ब्रश. तारेचा ब्रश, साबण, आम्ल काहीही नाही. बुरशीचे पांढरे-पिवळे गोल खरवडून काढू नका, त्याबरोबर दगडाचा वरचा थर निघतो.

प्रश्न : ग्रामपंचायत देवळाचा जीर्णोद्धार करते आहे. वीरगळ ऑइलपेंटने रंगवून, सिमेंटच्या ओट्यात बसवून, भोवती फरशी घालायचं ठरतंय. चांगलंच आहे ना? (वाचक, जावळी तालुका)

हेतू चांगला आहे, कृती तिन्ही चुकीच्या आहेत. असं तोंडावर सांगितलं तर बैठक तिथेच संपेल, म्हणून कारणं देतो. ती घेऊन जा.

ऑइलपेंट. दगड जमिनीतून ओल ओढतो आणि ती पृष्ठभागावरून उडून जाते. रंगाचा थर म्हणजे प्लॅस्टिकची पिशवी. ओल आत कोंडते, तिच्याबरोबर आलेले क्षार रंगामागे साठतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि दगडाचा पापुद्रा रंगासकट सुटतो. दोन-चार वर्षांनी रंग सोलतो, लोक म्हणतात रंग वाईट होता, आणि दुसरा हात देतात. प्रत्यक्षात रंगाबरोबर नाक-डोळे गेलेले असतात. आधीच रंग दिलेला असेल तर तो ब्लेडने, कॉस्टिकने किंवा वाळूच्या फवाऱ्याने काढू नका. ते काम संवर्धकाचं. गावाने करायचं ते एवढंच, की नवा हात देणं थांबवायचं.

सिमेंट. ते दगडापेक्षा हट्टी. ऊन-पावसात दगड कणभर हलतो, सिमेंट हलू देत नाही, मग दगड ओट्याच्या रेषेत तडकतो. चुना मऊ असतो, ताण आला की आधी चुना फुटतो आणि दगड वाचतो. शिवाय सिमेंटमधले क्षार ओलीबरोबर दगडात चढतात; ओट्याच्या वर वीतभर पांढरी खार दिसते ती हीच.

आणि तिसरं, ज्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. दगड पक्का बसावा म्हणून गवंडी तो नऊ इंच ते फूटभर आत गाडतो. वरून बघा तर काम देखणं. पण वीरगळाच्या तळाशी काय असतं? तो कसा पडला ती चौकट. गाई होत्या की नव्हत्या, ते तिथेच कळणार असतं. कलश, शिवलिंग, अप्सरा वर राहतात, आणि या जिल्ह्यात असे कितीतरी वीर आहेत की जे स्वर्गात गेलेले दिसतात पण का गेले ते फरशीखाली आहे. भराव टाकून अंगण उंच केलं तरी तेच होतं. म्हणून काम सुरू होण्याआधी सगळ्यात तळाची चौकट पूर्ण दिसते का ते बघून फोटो काढून ठेवा.

मग करायचं काय? मुळात दगड उभा आणि स्थिर असेल तर काहीच करायचं नाही. भोवतीचं पाणी दुसरीकडे काढायचं. दगडाच्या चारी बाजूंनी दोन फुटांपर्यंत फरशीऐवजी खडी किंवा वाळू ठेवायची, उतार बाहेरच्या बाजूला. आधार हवाच असेल तर खालून सुटे घडीव दगड आणि सांध्यांत चुना. दगडाच्या तळाखाली सहा इंच वाळूचा थर, म्हणजे ओल वर चढत नाही. डोक्यावर छोटी पत्र्याची किंवा कौलाची पडवी, तीन बाजू उघड्या. बंदिस्त काचेची पेटी करू नका, आत घाम धरतो.

शेंदराचा प्रश्न नाजूक असतो. तेल-शेंदूर बंद करा म्हणून कुणी ऐकत नाही, आणि ऐकावं तरी का, पिढ्यान्‌पिढ्यांची पूजा आहे. त्याला एक तोड आहे: वीरगळापुढे एक गोटा तांदळा (देव म्हणून पुजायचा बिनकोरलेला दगड) म्हणून बसवायचा आणि तेल, शेंदूर, नारळ, उदबत्ती सगळं त्याला. वीराला फुलाची माळ. गुरव आणि दोन वडीलधारी माणसं आधी राजी झाली तर हे जमतं. तरुण मंडळाने परस्पर ठरवलं तर जमत नाही.

प्रश्न : हंबीरराव मोहिते वाईजवळ पडले, मग समाधी तळबीडला कशी? दोन्हींतली खरी जागा कोणती?

दोन्ही खऱ्या, कामं वेगळी. १६८७ च्या अखेरीस वाईच्या लढाईत तोफेचा गोळा लागून सरसेनापती पडले. तळबीड हे त्यांचं गाव, कऱ्हाड तालुक्यात वसंतगडाच्या पायथ्याशी, पुणे-बंगळूर महामार्गालगत. वीराची समाधी म्हणजे संन्याशाच्या समाधीसारखं देह पुरलेलं ठिकाण नव्हे. दहन झाल्यावर ते स्थळ किंवा घराण्याचं गाव यांपैकी कुठेही वृंदावन, छत्री, पादुका किंवा शिवलिंग असलेला चौथरा उभारत. प्रतापराव गुजरांचं उलट आहे. गाव खटाव तालुक्यातलं भोसरे, आणि स्मारक जिथे २४ फेब्रुवारी १६७४ ला पडले त्या नेसरीला, कोल्हापूर जिल्ह्यात.

तळबीडला गेलात तर वसंतगड त्याच दिवशी करा. आणि मुलांना नातंही सांगा: सोयराबाई हंबीररावांची बहीण, ताराराणी त्यांची मुलगी. माहुलीला ताराराणींची समाधी पाहिलेल्या मुलांना तळबीड आपोआप लक्षात राहतं.

प्रश्न : माहुलीच्या समाध्या पावसाळ्यात बघता येतात का?

जून ते सप्टेंबर नको. वेण्णेवर कण्हेर आणि कृष्णेवर धोम, दोन्ही धरणांचं सोडलेलं पाणी याच संगमावर येतं. साताऱ्यात ऊन असलं तरी वाई-महाबळेश्वरकडच्या पावसाने पाणी चढतं. थोरल्या शाहू महाराजांची समाधी नदीपात्रालगतच असल्याने पुरात पाण्याखाली जाते. पाणी उतरल्यावरही पंधरा दिवस घाटाच्या पायऱ्यांवर गाळ असतो. तोवर वर १७३५ च्या सुमारास बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ निवांत बघून घ्यावं.

प्रश्न : पुतळ्यातल्या घोड्याचा एक पाय वर असला तर वीर जखमांनी गेला, दोन वर असले तर रणात पडला, हे खरं ना?

नाही. शिवाजी महाराजांचा मृत्यू ३ एप्रिल १६८० ला रायगडावर आजारपणाने झाला आणि महाराजांच्या पुतळ्यांतले घोडे चारही पाय टेकलेले, एक उचललेले, दोन उधळलेले असे सगळ्या तऱ्हांचे आहेत. पाय किती उचलायचे ते शिल्पकार तोल बघून ठरवतो. दोन्ही पुढचे पाय वर गेले की सगळं वजन मागच्या दोन पायांवर, आणि पुष्कळदा शेपटीवर येतं. शेपटी जमिनीला टेकलेली दिसली तर ती नुसती शोभेची नाही.

प्रश्न : रस्ता रुंदीकरणात जेसीबीच्या बकेटीला कोरीव दगड लागला. ठेकेदार म्हणतो बाजूला ढकलून देऊ. काय करावं? (वाचक, खटाव तालुका)

काम त्या दहा फुटांपुरतं थांबवा आणि दगड हलवण्याआधी आहे तसा फोटो घ्या: तोंड वर होतं की खाली, डोकं कुठल्या दिशेला. एकदा हलवला की ही माहिती कायमची गेली. शेजारी आणखी दगड असण्याची शक्यता मोठी, वीरगळ एकटे क्वचितच असतात.

मग तलाठी आणि ग्रामसेवकांना लेखी कळवा, प्रत तहसीलदारांना आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला. ठेकेदाराला सांगायला कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. आणि शंभर वर्षांहून जुनं शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, परवान्याशिवाय त्याची विक्री करता येत नाही. ‘फार्महाउसला द्या, शोभेला ठेवतो’ असा फोन येतोच. त्याला हेच उत्तर.

रस्त्याच्या कडेला दगड धोक्यात असेल आणि अधिकाऱ्यांनी हलवायला सांगितलं, तर वजनाचा अंदाज आधी घ्या. चार फूट उंच, दीड फूट रुंद, नऊ इंच जाड दगड म्हणजे साडेचार घनफूट. बेसाल्टच्या हिशेबाने साडेतीनशे ते पावणेचारशे किलो. चौघांनी उचलायचा नाही आणि बकेटीच्या दातांनी तर मुळीच नाही. साखळीही नको, कोपरे उडतात. रुंद नायलॉनचे दोन पट्टे, एक वरच्या तृतीयांशाला आणि एक खालच्या. पट्टा आणि कोरीव बाजू यांच्यामध्ये गोणपाटाच्या दोन घड्या. ट्रॉलीत जुने टायर टाकून त्यावर पाठीवर निजवायचा, कोरीव तोंड वर. उतरवल्यावर भिंतीला टेकवून उभा करायचा तर तळाखाली दोन लाकडी फळ्या, आणि कोणत्या गट नंबरात, रस्त्याच्या कोणत्या अंगाला, किती खोलीवर सापडला ते कागदावर लिहून सरपंचांची सही घ्यायची. दगडावर रंगाने लिहायचं नाही.